शिलेदाराचा पावसाळा

(आलमबाग, लखनौ येथे एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



आज मला एका खेळाविषयी बोलायचे आहे, आणि तो खेळ ज्यांनी खोल होतो त्या पुस्तकांविषयी. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाने एकेक पात्र घेतलेले असते. एक जण खेळ चालवतो. तो प्रसंग उभा करतो आणि बाकीचे आपले पात्र त्या जागी काय बोलेल, काय करेल ते सांगतात. निकाल काय लागेल याची खात्री नसली की फासे टाकायचे. १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' छापून आला आणि या खेळाला रूप मिळाले. आपल्याकडे महाविद्यालयातली मुले तो आवडीने खेळतात. बहुतेक वेळा ती युरोपातले सरदार होतात. चिलखत, भाला, किल्ला, राक्षस. मला या मुलांचे मनापासून कौतुक आहे. चार तास फोन बाजूला ठेवून दुसऱ्या माणसाच्या जागी उभे राहणे ही आजच्या काळात लहान गोष्ट नाही.

पण तीन-चार बैठका झाल्या की खेळ पातळ होतो. लढाई, लूट, पुन्हा लढाई. पात्राला तलवार असते, पण घर नसते. घोडा असतो, पण तो काय खातो हे कुणी विचारत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की इथे सामाजिक इतिहासाचे पुस्तक उघडावे. सनावळ्या आणि मोहिमांचे नव्हे. कोण काय खात होते, कुणाचे कुणाला देणे होते, लग्न कसे ठरत होते, भांडण कुठे मिटत होते, हे सांगणारे पुस्तक. खेळातल्या वीराला वजन येते ते तिथून.

हे ज्याने सगळ्यात नीट ओळखले त्याचे नाव ग्रेग स्टॅफर्ड. १९८५ साली त्याचा 'पेंड्रॅगन' हा खेळ निघाला. विषय आर्थर राजा आणि त्याचे सरदार. त्यात पात्राची ताकद आणि चपळाई तर मोजली जातेच, पण स्वभावही मोजला जातो. दया आणि क्रौर्य, औदार्य आणि स्वार्थ, शौर्य आणि भित्रेपणा अशा तेरा जोड्या. जोडीतला एक गुण वाढला की दुसरा तेवढाच घटतो. शिवाय निष्ठा, कुटुंबाचे प्रेम, पाहुण्याचा मान, वैर अशा ओढी असतात आणि कधी कधी त्या पात्राला त्याच्या मनाविरुद्ध खेचून नेतात. या साऱ्याहून मला मोठी वाटते ती त्यातली हिवाळ्याची फेरी. साधारणपणे वर्षाला एक साहस. ते संपले की सरदार घरी परततो. त्याची जहागीर कशी पिकली, घोडे जगले की मेले, मूल झाले का, वय किती वाढले, हे सगळे फाशांवर ठरते. म्हातारा सरदार मरतो, त्याचा मुलगा पुढे येतो आणि खेळ चालू राहतो. फ्रान्सिस आणि जोसेफ गीज या दांपत्याच्या मध्ययुगीन किल्ल्यातल्या आणि खेड्यातल्या जीवनावरच्या पुस्तकांत जे आहे, किंवा आयलीन पॉवरच्या १९२४ च्या 'मीडिव्हल पीपल'मध्ये जे आहे, ते जगणे इथे नियम होऊन बसते.

एक माणूस जवळून पाहू. विल्यम मार्शल. पुढे तो इंग्लंडचा कारभारी झाला, पण ११६६-६७ च्या सुमारास तो विशीतला, नुकताच सरदारकी मिळालेला, रिकाम्या खिशाचा तरुण होता. नॉर्मंडीत द्रँकूरच्या लढाईत तो जिवावर उदार होऊन लढला आणि त्याचा घोडा मारला गेला. रात्री मेजवानीत एका उमरावाने त्याच्याकडे घोड्याच्या साजातला एखादा तुकडा भेट म्हणून मागितला. विल्यम म्हणाला, माझ्याकडे असले काही कधीच नव्हते. सगळे हसले, कारण दिवसभरात त्याने किती जणांना लोळवले ते सर्वांनी पाहिले होते. चाचपून लूट गोळा करायला हवी हे त्याला सुचलेच नव्हते. मग त्याने आपला झगा बावीस शिलिंगांना विकला आणि सामान वाहण्यापुरते एक हलके जनावर घेतले. त्याच्या मृत्यूनंतर मुलाने लिहवून घेतलेल्या पद्यचरित्रात हे आले आहे आणि जॉर्ज द्युबीने १९८४ साली त्याच आधारावर एक सुंदर छोटे पुस्तक लिहिले. लढाई जिंकली, पण माणूस पायउतार झाला. खेळ चालवणाऱ्याला याहून चांगला प्रसंग कुठे मिळणार?

आता आपल्या घरी येऊ. घोड्यावर ज्याची पत अवलंबून आहे असा माणूस आपल्या इतिहासात मधोमध उभा आहे. शिलेदार. स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार. ज्याला सरकारातून घोडा मिळतो तो बारगीर. दोघे एकाच फौजेत, शेजारी शेजारी लढतात. पण शिलेदाराचा घोडा पडला आणि नवा घ्यायची ऐपत नसली, तर त्याचे गावातले स्थान, सावकाराकडची पत, मुलीची सोयरीक, सगळे हलते. विल्यम मार्शलला जे एका रात्री भोगावे लागले ते आपल्या शिलेदाराच्या मानेवर दर मोहिमेत टांगलेले असे. मराठी मुलांनी सरदारांचा खेळ खेळायचा तर चिलखतातल्या परक्या सरदाराआधी या माणसाकडे बघावे असे मला कळकळीने वाटते.

त्याच्यासाठी पहिले पुस्तक कृष्णाजी अनंत सभासदाची बखर. १६९० च्या दशकात जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून ती लिहिली गेली. लोक ती अफझलखान आणि आग्रा यांसाठी वाचतात. मी म्हणतो, फौजेच्या व्यवस्थेचा भाग वाचा. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा. हे दोघे खेळात आले की खेळाचा नकाशाच बदलतो. घाटात नालबंद तापाने पडला, तर तुमची तुकडी तिसऱ्या दिवशी लंगडणार. पखालजी पळून गेला, तर त्याला कुणी पळवले? त्याला पगार मिळाला होता का?

त्याच भागात फौजेचे वर्ष सांगितले आहे. पावसाळ्यात लष्कर स्वराज्यात छावणीला. दाणा, चारा, औषधे, माणसांना घरे, घोड्यांना पागा, हे आधी तयार ठेवायचे. दसरा झाला की कूच. निघताना प्रत्येकाच्या जवळच्या चीजवस्तूंची यादी करायची. आठ महिने परमुलुखात पोट भरायचे. लष्करात बायको, बटीक, कलावंतीण नको. परतल्यावर पुन्हा झडती, आणि यादीपेक्षा जास्त सापडले तर ते सरकारचे. स्टॅफर्डने आर्थरच्या सरदारांना जी हिवाळ्याची फेरी दिली ती आपल्याकडे तयार आहे. ती पावसाळ्याची आहे. दसऱ्याला साहस सुरू, पावसाच्या तोंडावर संपले, आणि मग चार महिने पात्रांचा खरा हिशेब. मी चालवतो त्या खेळात या चार महिन्यांना एक अख्खी बैठक देतो. त्या बैठकीत एकही तलवार उपसली जात नाही, आणि मुलांना तीच बैठक सगळ्यात जास्त आठवते.

त्या बैठकीचे नियम कुठून आणायचे? शिवाजी महाराजांचे एक पत्र आहे. राज्याभिषेकाच्या आसपासचे, चिपळूण परिसरातल्या छावणीच्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेले. अनेकांना त्यातले एखादे वाक्य तेवढे माहीत असते. पूर्ण पत्र वाचा. महाराजांची काळजी किती बारीक आहे पाहा. आत्ताच चारा उधळलात तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारलीत असे होईल. मग तुम्ही कुणब्याच्या दारात जाल, कुणी दाणे आणील, कुणी भाजी ओरबाडेल, आणि बिचारी रयत देश सोडून जाईल. रात्री दिवा जळत ठेवाल, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवत पेटेल, पागा जळेल. एका राजाला उंदराची भीती आहे, आणि ती अगदी खरी आहे. खेळात मी चाऱ्याच्या गंजींचा आकडा पाटीवर लिहून ठेवतो आणि दर पंधरवड्याला त्यातून वजा करतो. कुणी तिरीमिरीत म्हणाला, गावातून आणू, तर त्या गावाची पाटी वेगळी असते आणि तिथेही आकडा उतरतो. पुढल्या वर्षी त्या गावात कुणी ओळख देत नाही.

दुसरे पुस्तक त्रिंबक नारायण आत्र्यांचे 'गावगाडा', १९१५ सालचे. ते मध्ययुगाचे नाही, पण सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी, महार, मांग यांची बलुत्याची वीण त्यात जेवढी सविस्तर आहे तेवढी मराठीत क्वचितच आढळते. खेळातल्या शिलेदाराच्या घरी दाढी कोण करतो, नांगर कोण नीट करतो, त्याबदल्यात खळ्यावरून काय उचलतो, हे तिथून घ्यावे. अ. रा. कुलकर्ण्यांचे 'शिवकालीन महाराष्ट्र' जोडीला ठेवावे, म्हणजे सतराव्या शतकाचे कागद हाताशी राहतील. आणि एक गोष्ट मुलांना मुद्दाम दाखवावी: जुन्या महजरांच्या, म्हणजे गावसभेच्या निवाडापत्रांच्या, खाली लोकांनी केलेल्या निशाण्या. पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी, कारागिरांची आपापली हत्यारे. लिहिता न येणारा माणूस आपल्या हाताच्या कामाचे चित्र काढून साक्ष देत होता. माझ्याकडे प्रत्येक पात्राच्या कागदावर नावाच्या आधी त्याची निशाणी काढायची असते. मुले त्यावर अर्धा तास घालवतात आणि तेवढ्यात पात्र कोणत्या घरचे हे ठरून गेलेले असते.

आता ओढींबद्दल. पेंड्रॅगनमध्ये निष्ठा आणि प्रेम यांची ओढाताण असते. आपल्याकडे तिसरी ओढ आहे, आणि ती या दोन्हींना पुरून उरते. वतन. १६५९ सालचे मावळ डोळ्यांसमोर आणा. अफझलखान येतो आहे. विजापूरहून देशमुखांना फर्माने निघाली आहेत: खानाला सामील व्हा, नाहीतर परिणाम भोगा. भोरजवळ कारीचे कान्होजी जेधे ते फर्मान घेऊन मुलांसह शिवाजी महाराजांपुढे येतात. महाराज त्यांना सांगतात, शेजारचे देशमुख खानाकडे चालले आहेत, तुमचेही वतन जाईल, तुम्ही जा. कान्होजी पाणी मागवतात आणि वतनावर पाणी सोडतात. जेध्यांच्या करीन्यात, म्हणजे घराण्याच्या हकीकतीत, हा प्रसंग आला आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची देशमुखी, ज्यासाठी भाऊ भावाला मारत होता, ती त्या ओंजळीतून गेली. त्याच वेळी उत्रवळीचे खंडोजी खोपडे वतनासाठी खानाला मिळाले. पुढे ते हाती लागले, आणि कान्होजींच्या मध्यस्थीने जीव वाचला तरी एक हात आणि एक पाय तोडला गेला.

खोपड्यांना खलनायक करून खेळू नका. हे मी आग्रहाने सांगतो. वतन म्हणजे फक्त उत्पन्न नव्हते. गावच्या होळीची पहिली पोळी कुणाची, कागदावर आधी निशाणी कुणाची, लग्नात मान कुणाचा, हे सगळे वतन होते. ते गेले की माणूस गावात असून नसल्यासारखा. हे समजलेला मुलगा खंडोजीचे पात्र घेतो तेव्हा त्याचा हात फाशावर थरथरतो. आणि कान्होजीचे पात्र घेणाऱ्यालाही कळते की पाण्याची ओंजळ केवढी जड होती. लढाया सांगणाऱ्या पुस्तकात या दोघांना मिळून एक परिच्छेद मिळतो.

इथे एक अवघड गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. सामाजिक इतिहास उघडला की जात समोर येते. वेठ येते. बटकी आणि कुणबिणी येतात, ज्यांची खरेदी-विक्री होत होती. युरोपच्या पुस्तकांत जमिनीला बांधलेली कुळे येतात. खेळाच्या मजेसाठी हे सगळे पुसून टाकावे असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या किल्ल्यावर तुम्ही खेळता त्याचा घेरा राखणारे महार, मांग, रामोशी, बेरड होते आणि त्यांच्या जाग्या राहण्यावर वरच्या सगळ्यांचा जीव होता. त्यांना नकाशातून काढले तर किल्लाही खोटा. पण पुस्तकही डोळे मिटून घ्यायचे नाही. आत्रे सरकारी नोकरीतले, पांढरपेशे. फिरस्त्या जमातींबद्दल ते लिहितात तेव्हा त्यांच्या लेखणीत पाटलाचा आणि मामलेदाराचा धाक बोलतो. ते लिहिणे तसेच्या तसे खेळात आणले तर आपण तोच अन्याय पुन्हा करू. म्हणून माझा नियम असा: खालच्या मानलेल्या माणसाचे पात्र खेळ चालवणाऱ्याने एकट्याने रंगवायचे नाही. टेबलावरच्या कुणीतरी ते मुख्य पात्र म्हणून घ्यायचे, त्याला त्याचे घर, त्याची निशाणी, त्याची ओढ द्यायची. मग त्याला टाकून बोलणाऱ्या शिलेदाराला समोरून उत्तर मिळते.

लखनौत उभा राहून हे बोलताना मला दोन पुस्तकांचा उल्लेख करायलाच हवा. पहिले अब्दुल हलीम शरर यांचे 'गुजिश्ता लखनऊ'. १९१३ पासून त्यांच्या 'दिलगुदाज' मासिकात ते लेखमालेच्या रूपाने आले. बावर्चीखाना, पोशाख, कबुतरे, पतंग, मैफल, दास्तानगोई, आणि लाठी, पट्टा, बांक, बिनौट या हातांच्या विद्या. कोणत्या विद्येचे उस्ताद कसे होते, कुठले डाव रस्त्यात कामाचे आणि कुठले मैदानात, असे लिहिणारा माणूस खेळ चालवणाऱ्याचा जन्माचा मित्र. आणि याच शहरात नवलकिशोर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमीर हमजाच्या दास्तानीचे खंडांमागून खंड छापले. पहलवान, जादूगार, वेष पालटणारे अय्यार. ज्या मुलांना राक्षस आणि जादू हवीच असते त्यांनी ती परदेशातून का आणावी? दास्तान घ्यावी आणि तिच्या खाली शररचे लखनौ अंथरावे.

मराठी मुलूख आणि अवध यांचा धागाही जुना आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर अवधचा नवाब शुजाउद्दौला मराठ्यांविरुद्ध अब्दालीच्या बाजूने उभा होता, आणि त्याच्या पदरी काशीराज पंडित नावाचा दक्षिणी ब्राह्मण होता. तहाच्या बोलण्यांत तो जवळून होता आणि पुढे १७८० च्या सुमारास त्याने फारसीत त्या मोहिमेची हकीकत लिहिली. मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांच्या गोटातली उपासमार, रसदेचे तुटलेले रस्ते, दोन्हीकडून चाललेली निरोपांची ये-जा. शत्रूच्या छावणीत राहून आपल्या माणसांची भूक पाहणारा मराठी कारकून! या भूमिकेत कुणीतरी एक संध्याकाळ बसून पाहावे.

आणि आलमबाग. अवधचा नवाब वाजिदअली शाह याने आपल्या बेगमेसाठी बांधलेली ही तटबंदीची बाग. बंडाच्या काळात, २३ सप्टेंबर १८५७ ला, इंग्रज सेनापती हॅवलॉक आणि आउट्रम यांच्या फौजेने ती घेतली. दोन दिवसांनी ते वेढ्यातल्या इंग्रजांच्या रेसिडेन्सीकडे घुसले तेव्हा आजारी, जखमी, सामानसुमान आणि बाजारबुणगे त्यांनी इथे ठेवले, राखणीला तीनशेच्या आसपास माणसे. पुढची फौज रेसिडेन्सीत अडकली आणि इथली माणसे इथे अडकली. नोव्हेंबर अखेरीपासून मार्चपर्यंत आउट्रम सुमारे चार हजारांनिशी इथेच ठाण मांडून होता आणि बेगम हजरत महलच्या फौजा वारंवार चालून येत होत्या. हॅवलॉकची कबर इथेच आहे. शहराच्या इतिहासात ही जागा सेनापतींच्या नावाने ओळखली जाते. खेळासाठी मात्र ती भिस्ती, डोलीवाले, सईस आणि बावर्ची यांची आहे. साहेबाची डोली वाहणारा माणूस याच मुलुखातला. तटाबाहेर ज्यांच्या तोफा धडाडतात त्यांत त्याच्या गावचे शिपाई आहेत. आत पगार आहे, बाहेर भाऊ. रात्री पाणी आणायला तो विहिरीवर जातो तेव्हा कुणीतरी त्याला हाक मारते. इथून खेळ सुरू करा.

या प्रसंगाला सूर कोणता असावा हे कळण्यासाठी गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' वाचावा. वरसईचे विष्णुभट गोडसे घरच्या कर्जापायी, दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ साली उत्तरेला निघाले आणि बंडात सापडले. चिं. वि. वैद्यांनी ते पुस्तक १९०७ साली छापले. झाशीच्या लुटीत कुठल्या दिवशी काय नेले जात होते हेही भटजींनी टिपले आहे. लढवय्या नसलेला, अंगावर कर्ज असलेला, भ्यालेला आणि तरी सारे पाहत राहिलेला माणूस. असे एक पात्र प्रत्येक टेबलावर असावे.

तुमच्यापैकी जे तरुण हा खेळ मांडू इच्छितात त्यांना कामाच्या चार गोष्टी सांगतो. पात्राचे नाव आणि पराक्रम ठरवण्याआधी त्याच्याखालचा घोडा कुणाचा ते ठरवा: स्वतःचा, सरकारचा, की सावकाराकडे गहाण. मग निघतानाची यादी करा, सभासदाने सांगितली तशी, भांडे-भांडे मोजून, आणि ती खेळ चालवणाऱ्याकडे ठेवा. परतल्यावर तिच्याशी ताडून पाहा. घरी मागे कोण राहिले आणि आठ महिने शेत कुणी पाहिले, तेही त्याच कागदावर लिहा, कारण पावसाळ्यात हिशेब तीच व्यक्ती मागणार आहे. पुस्तके मात्र एकदम सगळी वाचायला बसू नका. एका बैठकीला एक प्रकरण पुरते. महाराष्ट्राकडून सुरुवात करायची तर सभासदाचे फौजेचे प्रकरण, लखनौकडून करायची तर शररची हातांच्या विद्यांवरची पाने, आणि दुसऱ्या बैठकीला लगेच त्याच्या बावर्चीखान्यात शिरा.